'पुट अप विथ' : सोसणे आणि चालवून घेणे यांच्यामधले एक क्रियापद

इंग्रजी भाषेतील काही क्रियापदे अशी आहेत, की त्यांचे अवयव सुटे सुटे केले असता प्रत्येक अवयव अगदी बालबोध वाटतो. परंतु ते एकत्र आले म्हणजे त्यांतून निघणारा अर्थ त्या अवयवांपैकी एकातही आधी दिसलेला नसतो. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे सह. या तिन्ही शब्दांचा अर्थ इंग्रजीची पहिली पुस्तके वाचणाऱ्या मुलालाही ठाऊक असतो. तथापि 'पुट अप विथ' या जुळणीचा अर्थ 'सह वर ठेवणे' असा होत नाही. तो होतो 'नकोसे असलेले काही निमूटपणे चालू देणे'. कोश पाहणारा वाचक 'सहन करणे' हा पर्याय उचलतो आणि पुढे जातो. शंका मिटल्यासारखी वाटते; वास्तविक ती तेथेच सुरू व्हावयास हवी. कारण 'सहन करणे' या पर्यायाने अर्थाचा सांगाडा मराठीत येतो, पण बोलणाऱ्याचा स्वर मागेच राहतो; आणि कथा-कादंबरीच्या भाषांतरात स्वर हरवणे म्हणजे बहुधा पात्रच हरवणे होय. हा स्वर मराठीत कोठे सापडतो, याचा शोध घेतला असता तो नामांच्या किंवा तत्सम धातूंच्या भांडारात सापडत नाही. तो 'घेणे' या एका साध्या साहाय्यक क्रियापदात दडलेला आढळतो.

१

प्रथम रचनेचा विचार. क्रियापदापुढे एखादे लहान अव्यय ठेवून त्याचा अर्थ पालटण्याची ही इंग्रजी रीत परभाषिकांना विशेष अडचणीची वाटते, हे सॅम्युएल जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद करून ठेवले आहे. या जुळणीला आज रूढ असलेले 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच अलीकडचे आहे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 'वर्ड्‌स अँड इडियम्स' या १९२५ च्या ग्रंथात ते वापरले, आणि ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचविल्याचे नमूद केले.

'पुट अप विथ' हे या वर्गातले त्रिपदी क्रियापद आहे. त्यातील 'अप' व 'विथ' हे दोन शब्द वरवर एकाच जातीचे दिसत असले, तरी त्यांचे कार्य भिन्न आहे. 'अप' हे क्रियापदाला चिकटलेले अव्यय आहे. त्याने धातूचा अर्थ बदलतो आणि ते आपली जागा सोडत नाही. 'विथ' हे शब्दयोगी आहे. त्याचा संबंध पुढे येणाऱ्या कर्माशी आहे. म्हणून सोसावयाची वस्तू नेहमी 'विथ'च्या नंतरच येते; 'पुट' आणि 'अप' यांच्यामध्ये ती कधीही शिरू शकत नाही. बोलताना आघातही 'अप'वर पडतो, 'विथ'वर नव्हे.

हा भेद लक्षात आला म्हणजे या क्रियापदाशी निगडित असलेल्या एका प्रसिद्ध विनोदाचे मर्म उलगडते. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, असा एक दंडक इंग्रजी व्याकरणात दीर्घकाळ वावरत होता. जॉन ड्रायडन यांनी १६७२ साली बेन जॉन्सन यांच्या लेखनातला असाच प्रयोग दोषास्पद ठरविला होता. या दंडकाची टर उडविण्यासाठी कोणी एकाने 'पुट अप विथ'ची दोन्ही शेपटे उचलून वाक्याच्या पुढे नेली आणि 'पुट' तेवढे एकाकी शेवटी ठेवून दिले. परिणाम अर्थातच हास्यास्पद झाला. हा चुटका विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर सांगितला जातो. सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्या 'प्लेन वर्ड्‌स' या १९४८ च्या पुस्तकामुळे ती समजूत पसरण्यास मदत झाली. परंतु १९४२ साली छापल्या गेलेल्या त्याच्या आधीच्या रूपात चर्चिल यांचे नाव नाही. तेथे तो एका सरकारी खात्यातील अनाम लेखकाचा म्हणून येतो. त्याचे जनकत्व कोणाचेही असो, व्याकरणदृष्ट्या त्यात थोडी लबाडी आहे. शब्दयोगी पुढे न्यावयाचे तर फक्त 'विथ' न्यावयास हवे होते. 'अप' हे शब्दयोगी नसल्यामुळे त्याला हलविण्याचे कारण नव्हते. 'विथ' एकटे पुढे नेले असता वाक्य जड होते, पण हास्यास्पद होत नाही. चुटक्याने ज्या दोन शब्दांना एकाच दावणीला बांधले, त्यांतील भेद तोच चुटका अशा रीतीने उघड करून दाखवतो.

२

हा अर्थ आला कोठून? जुन्या इंग्रजीकडे वळल्यास असे दिसते, की 'पुट अप'चा एक सरळ अर्थ 'आत घालून ठेवणे, आवरून ठेवणे' असा होता. तलवार म्यान करणे या अर्थी तो सर्रास येतो. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशू पेत्राला तलवार म्यानात घालण्यास सांगतो, तेथे हेच क्रियापद आहे. पिशवीत भरणे, खिशात टाकणे, पेटीत ठेवणे या क्रियाही 'पुट अप' होत. मग वस्तूच्या जागी अपमान आला. झालेला अपमान, घडलेला अन्याय उत्तर न देता आत ठेवून देणे म्हणजे तो 'पुट अप' करणे. शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये उघड झालेली मानहानी सूड न घेता अशी ठेवून द्यावयाची काय, असा प्रश्न येतो. 'किंग जॉन'मध्ये तर याच भावासाठी 'पॉकेट अप', म्हणजे खिशात घालणे, असा शब्द आहे. तलवार म्यानात आणि अपमान खिशात, या दोन क्रिया एकाच प्रसंगाच्या दोन बाजू आहेत. ज्याला उत्तर देता आले असते त्याने हत्यार आत ठेवले आणि अपमानही आत ठेवला.

या काळात 'विथ' अद्याप सोबतीला नव्हता; अपमान हे 'पुट अप'चे थेट कर्म होते. पुढे 'विथ' जडला, रूढ झाला, आणि विथरहित जुना प्रयोग मागे पडला. त्याबरोबर अर्थातही एक सूक्ष्म बदल झाला. पूर्वी जे आत ठेवले जाई ते एकदा घडून गेलेले कृत्य असे. आता ज्याच्या 'सह' राहावे लागते ते चालू असलेले, रोजचे, न संपणारे असे काही असते. एका क्षणाचा अपमान गेला आणि शेजाऱ्याचा गोंगाट आला. शौर्याच्या नीतीतले क्रियापद घरगुती नीतीत उतरले.

'ऑथेल्लो'च्या चौथ्या अंकातील रॉडरिगोचे एक वाक्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे. इयागोने लुबाडलेला हा तरुण चिडून बोलतो तेव्हा 'एन्ड्युअर', 'पुट अप' आणि 'सफर' ही तिन्ही क्रियापदे त्याच्या तोंडी एकापाठोपाठ येतात. ही पुनरुक्ती नव्हे. पहिल्याने तो यापुढे टिकाव धरण्यास नकार देतो. तिसऱ्याने आजवर वाट्याला आलेले सांगतो. मधल्याने ते भोगलेले मुकाट्याने आत घालण्याचे नाकारतो. 'ऑथेल्लो'चे मराठी भाषांतर महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकर यांनी १८६७ साली केले आणि गोविंद बल्लाळ देवल यांचे 'झुंझारराव' १८९० साली आले. म्हणजे इंग्रजीतील सोसण्याच्या या तीन छटांशी मराठी भाषेची गाठ पडून दीडशेहून अधिक वर्षे झाली. तरीही द्वैभाषिक कोशांची वाट धरणाऱ्यास त्या तिघींसाठी 'सहन करणे' हे एकच दार बहुधा उघडे दिसते.

३

आजच्या वापरात 'पुट अप विथ'ला चार अटी लागतात. पहिली अट अशी, की गोष्ट नकोशी तर हवीच, पण ती टिकणारी किंवा वारंवार येणारीही हवी. अचानक बसलेला एक तडाखा कोणी 'पुट अप विथ' करीत नाही. रोज गळणारे छप्पर मात्र करतो. दुसरी अट पर्यायाची. तक्रार करता आली असती, निघून जाता आले असते, निदान तोंड उघडता आले असते. आणि ते केले गेले नाही. तिसरी अट अशी, की तक्रार विरघळलेली नसते. क्षमा झालेली नसते, सवयही पुरती झालेली नसते. कुरकुर जिवंत असते, फक्त ती आतल्या आत असते. चौथी अट भाषेच्या पातळीची. हे क्रियापद ओसरीवरचे, स्वयंपाकघरातले, कचेरीतल्या मधल्या सुटीतले आहे. हुतात्म्याने छळ 'पुट अप विथ' केला असे इंग्रजीत लिहिले, तर हुतात्म्याची थट्टा केल्यासारखे होईल.

जवळच्या क्रियापदांशी तुलना केली म्हणजे या अटी अधिक स्पष्ट होतात. 'बेअर'मध्ये ओझे वाहण्याची कल्पना आहे. 'एन्ड्युअर'मध्ये कठीण होऊन टिकण्याची. 'टॉलरेट'मध्ये तत्त्वाची, धोरणाची किंवा सत्तेची. परंतु सर्वांत उद्बोधक तुलना 'स्टँड'शी आहे. 'स्टँड' या अर्थी बहुतेक नकारातच येतो, आणि त्यात बोलणाऱ्याच्या मनाची असमर्थता सांगितलेली असते: अमुक माणूस समोर आला की मन घेतच नाही. 'पुट अप विथ'चा नकार याहून वेगळा आहे. त्यात असमर्थता नसून निर्धार असतो: यापुढे हे चालू देणार नाही. पहिला भावनेचा उद्गार, दुसरा इच्छेचा. म्हणूनच एकाच माणसाविषयी 'त्याला मी स्टँड करू शकत नाही, तरी त्याला पुट अप विथ करतो' असे इंग्रजीत विसंगतीवाचून म्हणता येते. मन नकार देते आणि वागणूक होकार देते. या दोहोंच्या फटीतच 'पुट अप विथ'चे खरे वास्तव्य आहे.

या जुळणीचा एक जुळा भाऊही आहे, आणि त्याची भारतीय वाचकाला विशेष ओळख आहे. 'पुट अप' म्हणजे मुक्कामास उतरणे. भारतातल्या इंग्रजीत परगावच्या माणसाला 'कोठे पुट अप झाला आहात' असे आजही विचारले जाते. आता कोणी 'पुट अप विथ' अमुक मित्र असे म्हणाला, तर तो मित्राकडे उतरला की मित्राला सहन करीत राहिला, हे केवळ शब्दांवरून ठरत नाही. संदर्भच ते ठरवितो. ज्याने आठवडाभर कोणाकडे मुक्काम केला आहे, त्याला या दोन अर्थांमधले अंतर फार वाटणार नाही. यजमान पाहुण्याला 'पुट अप' करतो आणि त्याला 'पुट अप विथ'ही करतो. विनोद सोडला तरी यातून एक गोष्ट दिसते. हे क्रियापद मूलतः सहवासाचे आहे. ज्याच्या संगतीत राहावे लागते त्याच्याविषयीचे आहे.

४

आता मराठीकडे वळावे. 'सोसणे', 'सहन करणे', 'भोगणे', 'साहणे' हे शब्द प्रथम डोळ्यांपुढे येतात. 'सोसणे' यात दुःखाचा भार आतून पेलण्याची कल्पना आहे, आणि ओवीपासून कादंबरीपर्यंत त्या शब्दाला एक करुण तेज चढलेले आहे. 'भोगणे' यात पर्याय नाही. जे वाट्याला आले ते भोगावयाचे. 'सहन करणे' हे लेखनातले सभ्य, तटस्थ क्रियापद. यांपैकी एकालाही वर सांगितलेल्या चारही अटी पुऱ्या करता येत नाहीत. एकात तेज अधिक, एकात पर्याय नाही, एकात स्वर नाही.

परंतु मराठी माणूस जेव्हा दिवसभरात शंभर लहानसहान गोष्टी मनाविरुद्ध चालू देतो, तेव्हा तो वेगळ्याच शब्दांत बोलतो. तो म्हणतो: 'चालवून घेतो', 'खपवून घेतो', 'सांभाळून घेतो', 'ऐकून घेतो', 'जमवून घेतो'. येथे मुख्य धातू पाच आहेत, पण त्यांच्या मागे उभे असलेले क्रियापद एकच आहे: 'घेणे'. धातुसाधित 'ऊन' रूपापुढे 'घेणे' आले म्हणजे क्रियेचे फळ कर्त्याकडे वळते, हे मराठीचे सामान्य लक्षण होय. 'लिहून दे' आणि 'लिहून घे' यांतील भेद लहान मुलालाही कळतो. 'चालवून घेणे' यातही हेच घडते. वस्तू चालण्याजोगी नव्हती. कर्त्याने ती चालविली आणि तिची उणीव स्वतःच्या खात्यावर घेतली. दुसऱ्याचा दोष, पण नोंद आपल्या वहीत. शेक्सपिअरकालीन इंग्रजाने अपमान खिशात घातला, मराठी माणसाने उणीव पदरी घेतली. दोन दूरच्या भाषांनी एकच कल्पना दोन निराळ्या साधनांनी व्यक्त केली. फरक इतकाच, की आजच्या इंग्रजी बोलणाऱ्याला 'अप'मधला तो खिसा दिसत नाही. मराठीतले 'घेणे' अद्याप डोळ्यांसमोर आहे. याच कुळातला 'पोटात घालणे' हा वाक्प्रचारही येथे आठवावा. अपराध पोटात घालतो तो वडीलधारा, आणि पोटात गेलेले परत निघत नाही. म्हणून तेथे क्षमा आहे. 'पुट अप विथ'मध्ये खिसा आहे, पोट नाही. खिशात घातलेले केव्हाही बाहेर काढता येते.

'घेणे'च्या या कुटुंबात प्रत्येकाचे घर वेगळे आहे, आणि भाषांतरकाराने ते ओळखणे अवश्य आहे. 'चालवून घेणे' वस्तूच्या किंवा व्यवस्थेच्या उणिवेला लागते. 'आज भाजीत मीठ कमी पडले आहे, चालवून घ्या' असे यजमानीण म्हणते, आणि इंग्रज यजमानीण नेमक्या अशाच प्रसंगी 'पुट अप विथ'चा आधार घेते. 'खपवून घेणे' वर्तनाला लागते आणि ते बहुधा नकारात किंवा दोषारोपात येते: 'असला उद्धटपणा येथे खपवून घेतला जाणार नाही', किंवा 'इतके दिवस तुम्ही हे खपवून घेतलेतच कसे?' पहिल्या वाक्यात अधिकाराचा आवाज आहे. गंमत अशी, की अशा अधिकृत घोषणेत इंग्रजी 'पुट अप विथ'ला बाजूला सारून लॅटिन कुळातल्या 'टॉलरेट'ला पुढे करते. मराठी मात्र ओसरीवरचाच शब्द फलकावर लिहिते. 'सांभाळून घेणे' व्यक्तीला लागते आणि त्यात माया आहे. लग्नात मुलीची पाठवणी करताना 'हिला सांभाळून घ्या' असे सासरच्यांना विनविले जाते. त्या वाक्याचे इंग्रजी 'पुट अप विथ'ने केले, तर विनवणीचा अपमान होईल. 'ऐकून घेणे' शब्दांच्या माराला लागते. 'मी पुष्कळ ऐकून घेतले' असे जी सून म्हणते, तिने उत्तर दिले असते, पण दिले नाही. चारही अटी येथे पुऱ्या होतात.

आणि 'स्टँड'? त्याच्यासाठीही मराठीजवळ शब्द नसून रूप आहे. 'हे मला बघवत नाही', 'त्याचे बोलणे ऐकवत नाही', 'हा उकाडा सोसवत नाही': ज्यांना व्याकरणकार शक्य क्रियापदे म्हणतात ती ही रूपे. येथे कर्ता 'मी' न राहता 'मला' होतो. इच्छा बाजूला होते आणि केवळ क्षमता उरते. 'स्टँड' आणि 'पुट अप विथ' यांचा जो भेद इंग्रजीने दोन शब्दांत ठेवला, तो मराठीने 'वत नाही' आणि 'ऊन घेणे' या दोन रूपांत ठेवला आहे. मघाचे विसंगत वाटणारे इंग्रजी वाक्य मराठीत सहज बसते: 'त्याचे बोलणे मला ऐकवत नाही, तरी ऐकून घेतो.' कोशात शोधणाऱ्याला हे सापडणार नाही, कारण कोश शब्दाखाली शब्द मांडतो. येथे शब्दाचे उत्तर रूपाने दिलेले आहे.

५

ही गोष्ट केवळ मराठीची नाही. गुजरातीत 'चलावी लेवुं' हा प्रयोग मराठीच्या हातात हात घालून उभा आहे. हिंदीत 'झेल लेना', बंगालीत 'मेने नेओया' यांतही मागे उभे आहे ते 'घेणे'च. आर्यकुळाची सीमा ओलांडून दक्षिणेकडे गेले तरी चित्र बदलत नाही. तमिळमध्ये 'पोऱुत्तुक्कोळ्', कन्नडमध्ये 'सहिसिकोळ्ळु', तेलुगूमध्ये 'ओर्चुकोनु' या तिन्ही रूपांच्या अंती 'घेणे, धरणे' या अर्थाचाच द्राविडी धातू आहे, आणि तोही क्रियेचे फळ कर्त्याकडे वळवितो. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादन केले, आणि कॉलिन मॅसिका यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात अशा संयुक्त क्रियापदांना त्या क्षेत्राच्या लक्षणांमध्ये स्थान दिले. कुळे निराळी, पण शेजार एक. आणि शेजाऱ्याला चालवून घेण्याची रीतही एक.

संस्कृतने उपसर्ग धातूच्या आधी ठेवून अर्थ पालटला. 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे परस्परांना अनोळखी शब्द निघाले. वेदभाषेत हा उपसर्ग क्रियापदापासून सुटा होऊन दूरही बसत असे. इंग्रजीतली अव्यये आज कधी कधी तसेच करतात. अर्वाचीन भारतीय भाषांनी उपसर्गाची ती जिवंत शक्ती गमावली आणि तिच्या जागी मागून येणारे दुसरे क्रियापद उभे केले. म्हणजे इंग्रजीचे 'अप' आणि मराठीचे 'घेणे' हे एकाच गरजेचे दोन उपाय आहेत. म्हणून इंग्रजी अव्यययुक्त क्रियापदाचे भाषांतर करताना पहिला शोध संस्कृत धातूंच्या यादीत नव्हे, तर 'घेणे, देणे, टाकणे, बसणे, जाणे' यांच्या यादीत व्हावयास हवा. 'पुट अप विथ' हे याचे केवळ एक उदाहरण आहे.

६

यात केवळ शब्दनिवडीचा प्रश्न नाही. समजा, एखाद्या इंग्रजी कादंबरीतली एक गृहिणी आपल्या नवऱ्याच्या दारूविषयी म्हणते, की वीस वर्षे तिने हे 'पुट अप विथ' केले. मराठीत 'मी वीस वर्षे सोसले' असे लिहिले, तर ती साध्वी होते. 'भोगले' लिहिले, तर तिच्या जागी दैव बोलू लागते. 'सहन केले' लिहिले, तर ती अर्ज लिहिल्यासारखी बोलते. 'चालवून घेतले' म्हटले, तर दारूचे दुःख मिठाच्या उणिवेएवढे होते. 'खपवून घेतले' यात मात्र एक धार येते: नवऱ्यावरचा रोष आणि त्याबरोबरच स्वतःवरचाही थोडा रोष. मूळ वाक्यात ती धार असेल तर हाच शब्द योग्य. नसेल तर 'वीस वर्षे मुकाट्याने काढली' असा वेगळा मार्ग काढावा लागेल. एका क्रियापदाच्या निवडीने पात्राचा आपल्या आयुष्याविषयीचा निवाडा बदलतो, आणि तो बदलण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही.

उलट दिशेने जाताना धोका अधिक मोठा आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. जोसेफीन इंकस्टर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५० साली आले. तापट, लहरी आणि उदार अशा पतीबरोबरच्या संसाराचे त्या पुस्तकातले चित्रण हसतखेळत चालते. त्यात हुतात्म्याचा आव नाही आणि तक्रारही मेलेली नाही. 'पुट अप विथ' ज्या मनोवृत्तीचे नाव आहे, ती मनोवृत्ती मराठी गद्यात इतक्या निरोगी रूपात क्वचितच आढळेल. अशा पुस्तकासाठी हे इंग्रजी क्रियापद साजरे ठरते. परंतु बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मधील, माया पंडित यांच्या भाषांतरातून २००८ साली इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचलेले जगणे त्याच शब्दात मांडता येणार नाही. अस्पृश्यतेचे जे जिणे तेथे आहे, त्यात 'पुट अप विथ'ची दुसरी अटच नाहीशी झालेली आहे. ज्याला निघून जाण्याची वाट ठेवलेली नव्हती, त्याने 'चालवून घेतले' असे म्हणणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय. 'पुट अप विथ' आणि 'चालवून घेणे' ही दोन्ही पर्याय असलेल्या माणसाची क्रियापदे आहेत. पर्याय नसलेल्याच्या सोसण्याला ती लावली, तर लादणारा वाक्यातून अदृश्य होतो आणि सोसणारा तेवढा उदार दिसू लागतो.

हाच विवेक सार्वजनिक चर्चेतही उपयोगी पडेल. 'टॉलरन्स' या शब्दाचे 'सहिष्णुता' हे मराठी रूप स्तुतिपर आहे. पण इंग्रजीतील तत्त्वचिंतक या कल्पनेची फोड करताना वारंवार जे साधे क्रियापद वापरतात ते 'पुट अप विथ' हेच. ज्याविषयी नापसंती आहे आणि ज्याला अडविणे शक्य आहे, ते न अडविणे, एवढाच तिचा किमान अर्थ. म्हणजे 'सहिष्णुता' या भारदस्त शब्दाखाली 'चालवून घेणे' हे घरगुती क्रियापद वावरत असते. एक समाज दुसऱ्याला सहिष्णुतेने वागवितो असे म्हटले जाते, तेव्हा तो त्याला समजून घेतो, सांभाळून घेतो, की नुसता चालवून घेतो, हा प्रश्न मराठीत विचारता येतो. कारण या तिघांत मुख्य धातू बदलतो आणि 'घेणे' कायम राहते. आणखी एक प्रश्नही विचारावा लागतो: येथे घेणारा कोण, आणि ज्याला घेतले जाते तो कोण? ज्याला नुसते चालवून घेतले जाते, त्याच्या मनात त्या उपकाराविषयी कृतज्ञता नसेल, तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

'पुट अप विथ'साठी एकच मराठी प्रतिशब्द सुचविणे म्हणूनच अयोग्य ठरेल. कोशात नोंद करावयाची झाल्यास तीत निदान चार रूपे हवीत: वस्तूच्या उणिवेसाठी 'चालवून घेणे', वर्तनासाठी 'खपवून घेणे', शब्दांसाठी 'ऐकून घेणे', आणि सहवासासाठी 'जमवून घेणे'. 'सहन करणे' त्यांच्या शेवटी, लेखनभाषेपुरते, ठेवावे. 'सोसणे' मात्र या नोंदीत नसावे. त्या शब्दाने ज्यांची दुःखे वाहिली आहेत, त्यांच्यासाठीच तो राखून ठेवणे बरे.